सव्वीस मशिन्सची सकाळची फेरी

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून ही वही. फक्त टेक्निकल नोंदींसाठी. घरगुती काही लिहायचं नाही.

प्रॉब्लेम: ऑफिसातले सव्वीसच्या सव्वीस कॉम्प्युटर सकाळी चालू केले की आपण ऑफिसात आहोत हेच ओळखत नाहीत. खाली उजव्या कोपऱ्यात 'पब्लिक नेटवर्क' दाखवतात. म्हणजे आपण एखाद्या वेटिंग रूममध्ये चार अनोळखी लोकांत बसलोय अशी त्यांची समजूत. आणि एकदा परक्या ठिकाणी आलो म्हटलं की दारंखिडक्या लावून घेतात. प्रिंटर दिसत नाही, शेअर्ड फोल्डर उघडत नाही, काम ठप्प. मी जातो, माझा पासवर्ड टाकतो (तो फक्त मलाच माहीत आहे), बाबा रे हे आपलंच ऑफिस, अशी त्याची समजूत घालतो. दीड मिनिटात मशीन ताळ्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. जानेवारीच्या सुरुवातीपासून हेच चाललंय.

साहेबांनी विचारलं, कायमचा इलाज करायला किती दिवस. एक आठवडा, म्हणालो. खरं तर तीन दिवसांचं काम. पण हातचं राखून बोलावं.

संकल्प: आठवड्यात इलाज. रोज सहाला उठून फिरायला जाणं. बाहेरचं खाणं बंद.

४ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी ७.५०

फिरणं उद्यापासून. बुटाची लेस तुटली आहे.

दुपारी ३

फेरीची नोंद करून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल. ९.४० ला आवक-जावकच्या बाई. सगळ्या ऑफिसचं टपाल त्यांच्या हातून जातं, शिवाय सगळ्या ऑफिसच्या बातम्याही. मशीनला दीड मिनिट, पण बाईंचा गुडघा, बाईंची सून आणि सुनेची आई हे दीड मिनिटात बसत नाही. अकरा मिनिटं धरावीत. मग स्टोअरमधले गृहस्थ. पंपांचे सुटे भाग यांच्या ताब्यात. यांना सगळे 'घड्याळ' म्हणतात, कारण दर वाक्याला मनगटाकडे बघतात. यांना मी नवीन स्विचची माहिती देतो, म्हणजे ज्या डब्यातून सगळ्या वायरी जातात तो. फार आवडीने ऐकतात. मग डिझाइनमधली मुलगी, टोपणनाव 'हेडफोन'. दिवसभर कानांवर तेच. मी गेलो की एक कान मोकळा करते. बाकी कोणासाठी करत नाही, हे मी नीट पाहिलं आहे.

असं करत करत ११.२० ला फेरी संपते. एवढी माणसं माझ्या भरवशावर आहेत. जबाबदारी जाणवते.

५ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं! मशीन उठतं, लगेच सर्व्हरला हाक मारतं. नवा स्विच सुस्त, त्याला वायर जागी करायला अर्धं मिनिट लागतं. हाकेला ओ आली नाही की मशीन ठरवून टाकतं, इथे आपलं कोणी नाही. सगळा घोटाळा एवढ्याच उतावीळपणाचा. उपाय एकच सेटिंग: उठल्याबरोबर विचारू नकोस, दोन मिनिटं थांबून विचार.

माझ्या मशीनवर (हे सव्वीसांत धरलेलं नाही, सत्ताविसावं) लावून पाहिलं. दोन मिनिटांत बरोबर ओळखलं. पाचदा बंद-चालू केलं, पाचही वेळा.

तरी घाई नको. सध्या निरीक्षणाखाली.

(लेस आणायची राहिली.)

७ फेब्रुवारी, शुक्रवार

निरीक्षणाचा तिसरा दिवस. माझं मशीन उत्तम. सर्व्हरवरून हे सेटिंग सगळ्यांना लावायचं तर अकरा मिनिटांचं काम. दुपारी लावणारच होतो. हात कीबोर्डवर होता.

मग बाईंचा विचार आला. उद्या मशीन आपोआप ठीक झालं तर सकाळी त्यांच्या गुडघ्याची विचारपूस कोण करणार? सून करते असं काही दिसत नाही. स्टोअरमध्ये तर दिवसभर कोणी फिरकत नाही. आणि ती मुलगी, सारखे कान बंद ठेवून बसायचं म्हणजे काय आयुष्य आहे? फेरी बंद झाली तर ही माणसं एकटी पडतील. टेक्निकल माणसाने हाही विचार करायला हवा. आमच्या क्षेत्रात तो कोणी करत नाही.

निरीक्षण आणखी एक आठवडा.

९ फेब्रुवारी, रविवार

हिचा फोन, ठीक अकराला. नोंद टेक्निकल नाही, पण संदर्भासाठी: ही लेकीकडे गेली ती पंधरा दिवसांसाठी. नातू लहान, लेकीची सुट्टी संपली, तेवढ्यापुरतं. सप्टेंबरात. इथून गाडीने एक रात्र आणि अर्धा दिवस.

म्हणाली, चार दिवस या की. नातू उभा राहायला लागलाय. म्हणालो, इथे सव्वीस मशिन्स माझ्या नावाने बोंब मारताहेत, मला मरायला सवड नाही. म्हणाली, बरं. हल्ली ती नुसतं 'बरं' म्हणते. चार मिनिटं वीस सेकंद.

घरात शांतता आहे हे एका अर्थी छान. वाचन होईल. दुपारी वॉशिंग मशीन लावलं. दोनच शर्ट होते. आवाज बरा वाटतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

साहेबांनी बोलावलं. आठवडा झाला, काय झालं? म्हणालो, मूळ फार खोल आहे. किती खोल, म्हणाले. मी स्विचबद्दल सांगायला लागलो तर त्यांनी हात वर केला. म्हणाले, सव्वीस माणसं रोज सकाळी हातावर हात धरून बसतात, तुम्हाला काही वाटतं का?

वाटतं. म्हणून तर फेरीला जातो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सोमवारीच एक युक्ती सुचली. तक्रार रजिस्टर सुरू केलं आहे. रोज प्रत्येकाने सही करायची: मशीन क्रमांक, वेळ, तक्रार, निवारण. तीन दिवसांत अठ्ठ्याहत्तर तक्रारी, अठ्ठ्याहत्तर निवारणं. एकही शिल्लक नाही. उद्या साहेबांना दाखवतो, म्हणजे कामाचा व्याप त्यांच्या ध्यानात येईल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दाखवायला नको होतं.

साहेबांनी पानं उलटली. दुसऱ्या पानावर त्यांचा चेहरा लाल झाला. तिसऱ्या पानावर त्यांनी फोन उचलला आणि माझ्यासमोर बाहेरच्या एका कंपनीला बोलावलं. त्यांचा माणूस चोवीस तारखेला, सोमवारी, दहा वाजता येणार. तोवर दोष गेला नाही तर सगळी मशिन्स त्यांच्याकडे आणि मी तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये, जुन्या फायली स्कॅन करायला. तिथे खिडकी नाही. एक मशीन आहे आणि एक खुर्ची.

बाहेर आलो आणि माझाच पासवर्ड दोनदा चुकवला. जेवण न झाल्यामुळे असावं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

घाबरण्यासारखं काही नाही. इलाज माझ्या खिशात आहे. पक्का प्लॅन: एकवीस तारखेला शुक्रवारी सेटिंग लावायचं. आधी लावलं तर साहेब म्हणतील, एवढं सोपं होतं तर इतके दिवस काय करत होतात? थोडं अवघड दिसलं पाहिजे. तोपर्यंत फेरी चालू.

बाईंना बाहेरच्या कंपनीबद्दल सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांना माझ्यापेक्षा जास्त लागलं. साहजिक आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

फोन. नातू टीव्हीवर बातम्या देणाऱ्या टकल्या माणसाला आजोबा म्हणतो म्हणे. लेक मागून हसत होती. मीही हसलो. गैरसमज होण्यासारखा आहे, कपाळ तसंच आहे.

पुन्हा म्हणाली, या. म्हणालो, आणीबाणी आहे. म्हणाली, बरं.

लेस आणली. पाऊस नाही, ऊन नाही, फिरायला उत्तम दिवस होता.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

फार विचार करून निर्णय घेतला. साहेबांना माझी किंमत कळत नाही, कारण मी रोज येतो. उद्या यायचंच नाही. रजा नाही, निरोप नाही, काही नाही. सव्वीस मशिन्स, एक पासवर्ड, आणि पासवर्डवाला घरी. साडेदहापर्यंत साहेब स्वतः फोन करतील. पहिल्या फोनला घ्यायचा नाही. तिसऱ्याला घ्यायचा.

फोन शंभर टक्के चार्ज केला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

९.४० बाई मशीन चालू करत असतील.

१०.०५ अजून फोन नाही. मी आजारी असेन, त्रास नको, असं म्हणून थांबले असतील. माणसं चांगली आहेत.

१०.४० फोन तपासला. रेंज पूर्ण. आवाज पूर्ण.

११.१५ वाजला! हातातला कप टेबलावर सांडला. कुरिअरवाला. वरच्या मजल्यावरच्यांचं पार्सल, नंबर चुकला. त्याला जिना कुठे ते समजावून सांगितलं, लिफ्ट का बंद असते तेही सांगितलं. घाईत होता.

१.०० जेवण. पोळी भाजी बाहेरून. आजचा अपवाद.

३.३० एक शक्यता: साहेबांनी ऑफिसला सुट्टी दिली असेल.

५.४५ दुसरी शक्यता सुचत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

हे लिहायचं नव्हतं. पण नोंद म्हणजे नोंद.

सकाळी गेलो. काल ऑफिसला सुट्टी नव्हती. रजिस्टरमध्ये कालचं पान कोरं. आज मात्र सव्वीसच्या सव्वीस मशिन्स 'पब्लिक'. जीव भांड्यात पडला. फेरी केली. बाई म्हणाल्या, काल दिसला नाहीत, तब्येत बरी आहे ना? घड्याळाकडे न बघता घड्याळही बोलले. सगळं नेहमीसारखं.

तीन वाजता स्विच बघायला गेलो. स्विचचं कपाट पॅन्ट्रीच्या मागच्या खोलीत आहे, मध्ये फक्त प्लायवुडचं पार्टिशन. पलीकडे चहा चालला होता. गेल्या महिन्यात लागलेली टायपिस्ट बाईंना विचारत होती, की काल आपण मागची वायर काढली, दहा अंक मोजले, परत लावली आणि सगळं सुरळीत झालं. कोणाचं अडलं नाही. मग रोज तसंच का करत नाही? रोज सकाळचा दीड तास का घालवायचा?

बाई म्हणाल्या, अगं, ते सगळ्यांना येतं. जानेवारीपासून येतं. पण ते फेरीला येईपर्यंत वायरीला हात लावायचा नाही असं आपलं ठरलंय. बायको पाच महिने लेकीकडे, घरी बोलायला कोणी नाही त्यांना. सकाळी तेवढेच चार शब्द होतात. आपलं काय जातं?

घड्याळ म्हणाले, त्या स्विचबद्दल आता मी परीक्षेला बसू शकतो. सगळे हसले. वाईट हसले नाहीत, हेच वाईट वाटलं. टायपिस्ट म्हणाली, पण मग या नादात त्यांचीच नोकरी जाईल ना? कप विसळण्याचा आवाज आला.

ते सगळे जाईपर्यंत मी कपाटापाशी उभा होतो. स्विचचे दिवे मोजले. सगळे हिरवे.

बाईंचा गैरसमज झालेला दिसतो. घरी बोलायला कोणी नाही असं नाही. रविवारी फोन असतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज प्रत्येक मशीनला दीड मिनिट, सेकंदही जास्त नाही. खाली मान, पासवर्ड, पुढचं टेबल. फेरी १०.२५ ला आटोपली. विक्रम.

बाई म्हणाल्या, बसा की, आज एवढी काय घाई? म्हणालो, काम आहे. म्हणाल्या, गुडघा रात्रभर ठणकत होता हो. तोवर मी पुढच्या टेबलाशी होतो. आता वाटतं, निदान गुडघ्याचं ऐकून घ्यायला हवं होतं. तो काही खोटा नव्हता. का तोही माझ्यासाठीच होता?

सेटिंग लावायचा आजचा दिवस होता. लावलं नाही. उद्या.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ऑफिस बंद. वॉचमनने दार उघडून दिलं, म्हणाला, एकटेच? म्हणालो, हो.

सर्व्हरवरून सेटिंग लावलं. अकरा मिनिटं म्हणत होतो, नऊ लागली. मग खात्रीसाठी प्रत्येक टेबलाशी जाऊन मशीन चालू केलं. वाट बघितली. एकेका मशीनने ओळखलं: हे आपलं ऑफिस. सव्वीस वेळा. पासवर्ड कुठेच लागला नाही.

इलाज माझा आहे हे मान्य करावं लागेल. चुटकीसरशी झालं. मनात आणलं असतं तर पाच तारखेलाच झालं असतं.

बंद करायच्या आधी बाईंच्या खुर्चीत थोडा वेळ बसलो. उशी फार मऊ आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सव्वीसच्या सव्वीस ठणठणीत. ९.४० ला सगळं ऑफिस कामाला लागलेलं. असं दृश्य इतक्या दिवसांत पाहिलं नव्हतं. प्रिंटर तर थांबतच नव्हता.

दहा वाजता बाहेरच्या कंपनीचा माणूस आला. लॅपटॉप जोडला, चहा घेतला, म्हणाला, इथे काहीच प्रॉब्लेम नाही. साहेब थक्क. त्यांच्या मते हा माणूस आला आणि दोष पळाला. दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. मी सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण पाच तारखेपासून काय करत होतात, हा प्रश्न आला असता. रेकॉर्ड रूम टळली, मशिन्स माझ्याकडेच राहिली. जिंकलोच म्हणायचं.

अकराला बाईंकडे गेलो. त्यांनी मान वर केली. म्हणाल्या, मशीन चालतंय हो. म्हणालो, माहीत आहे. म्हणाल्या, मग? त्यांचा स्वर चांगलाच होता. पुढ्यात टपालाचा ढीग होता, दहाची गाडी निघून गेली होती, साडेअकराची गाठायची होती. म्हणालो, काही नाही, सहज. म्हणाल्या, दुपारी या निवांत. दुपारी त्या बँकेत गेल्या होत्या.

स्टोअरमध्ये माल मोजणं चालू. डिझाइनमध्ये दोन्ही कान बंद. तिने पाहिलं, अंगठा वर केला, पुन्हा स्क्रीनकडे बघायला लागली.

जागेवर येऊन बसलो. पाच वाजेपर्यंत फोन वाजला नाही. मला एकटं वाटलं. वही टेक्निकल आहे, पण दुसरं काही लिहिण्यासारखं आज घडलेलं नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

चार दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. कारणं तयार ठेवली होती: पाच महिन्यांत एक रजा नाही, माझ्यामागे मशिन्स कशी चालतील याचं सात पानी टिपण सोबत. साहेबांनी मान वर न करता सही केली. म्हणाले, आठ घ्या, आता इथे काही अडत नाही. टिपण परत दिलं.

संध्याकाळी मीच हिला फोन केला. मंगळवारी. तिने पहिल्यांदा हेच विचारलं, अहो, काय झालं? बरं आहे ना? मी वाक्य ठरवून ठेवलं होतं, की मोठ्या मुश्किलीने सवड काढली आहे. तोंडातून भलतंच निघालं. म्हणालो, करमत नाही.

तिने तिकडचा टीव्ही बंद केला. मग म्हणाली, पाच महिन्यांनी? मी तर समजले होते, तुमचं माझ्यावाचून उत्तम चाललंय. तुम्हीच सांगत होतात ना, मरायला सवड नाही म्हणून. म्हणालो, तेव्हा नव्हती. म्हणाली, या मग.

जावईबापूंच्या घरचं नेट कसं आहे, ते विचारून घेतलं. अवजारं बरोबर घ्यावीत म्हणून. म्हणाली, नेट झकास आहे, ते स्वतः बघतात. नळबिळ, पंखा? सगळं ठीक. नातवाला फिरवायचं? ते मी नेते, म्हणाली, तुमच्याकडे तो रडेल सुरुवातीला. मग मी तिथे येऊन करू काय, म्हणालो. म्हणाली, काही करू नका. नुसते या आणि आमच्यात बसा.

बरं, म्हणालो. या वेळी मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर सोफ्यावर बसून पाहिलं, जमतं का. टीव्ही बंद, फोन बाजूला, वॉशिंग मशीन बंद. नुसतं बसायचं. सात मिनिटं बसलो. मग उठून खिडकीची काच पुसली.